लिंबू नको, पिवळा सांगा: अंतर्निरीक्षणातल्या या चुका टाळा

समोर लिंबू ठेवून ‘काय जाणवतंय?’ असं विचारलं, की वर्गातली बहुतेक मुलं ‘लिंबू’ असंच सांगतात. अंतर्निरीक्षण म्हणजे स्वतःचा अनुभव स्वतःच न्याहाळून त्याची नोंद करणं. ही पद्धत वापरणारे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टिचनर यांच्या अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या प्रयोगशाळेत हे उत्तर बाद ठरलं असतं. त्यांना हवा होता पिवळा रंग: किती गडद, किती स्पष्ट, किती वेळ टिकलेला. अनुभव सोडून वस्तूचं नाव सांगणं म्हणजे त्यांच्या भाषेत उद्दीपक-दोष. परीक्षेत ही व्याख्या सगळे पाठ लिहितात आणि प्रात्यक्षिकाच्या वहीत नेमका हाच दोष करतात.

यावर माझा साधा उपाय आहे. नोंद लिहून झाली की तिच्यातली वस्तूंची नावं खोडा. ‘गार सरबत’मधलं सरबत गेलं की गारवा, आंबटपणा आणि त्यांतलं आधी काय जाणवलं, एवढं उरायला हवं. काहीच उरलं नाही, तर नोंद पुन्हा घ्या.

हे शब्दांचे खेळ वाटत असतील, तर पातळ रबरी हातमोजा घालून बोट गार पाण्यात बुडवा. कातडी कोरडीच असते, तरी बोट ओलं वाटतं! कॉर्नेलमध्येच मानसशास्त्रज्ञ बेंटली यांनी १९०० साली दाखवलं, की ओलेपणा हे वेगळं संवेदन नाही. दाब आणि थंडी मिळून तो तयार होतो. रचनावाद, म्हणजे अनुभव त्याच्या मूळ घटकांत सोडवून पाहणारा विचार, मला पहिल्यांदा खरा कळला तो इथे.

रागाचं निरीक्षण राग आलेला असतानाच करू नका, बघायला गेलं की तो ओसरतो. तो पूर्ण होऊ द्या, मग लगेच आठवून लिहा. टिचनरही हेच सांगत.

वुंट आणि टिचनर यांना एकाच मापाने मोजणं ही पाठ्यपुस्तकातून आलेली चूक. १८७९ मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढणाऱ्या वुंट यांचा भर मन अनुभवांची जुळणी सक्रियपणे कशी करतं, यावर होता. भाषा, पुराणकथा, रूढी यांसाठी त्यांनी प्रयोग बाजूला ठेवून दहा खंड लिहिले. ‘रचनात्मक मानसशास्त्रा’चा, म्हणजे रचनावादाचा, झेंडा १८९८ मध्ये टिचनरांनी रोवला.

आणि अंतर्निरीक्षणाच्या मर्यादा लिहिताना ‘पद्धत व्यक्तिनिष्ठ आहे’ एवढ्यावर थांबू नका. जर्मनीत वुर्झबर्गला मानसशास्त्रज्ञ क्युल्पे यांच्या प्रयोगशाळेतले निरीक्षक म्हणत, विचार मनातल्या प्रतिमेशिवायही येतो. टिचनर म्हणत, प्रतिमा होती, तुम्हाला दिसली नाही. दोन्हीकडचे निरीक्षक कसलेले होते, पण निवाडा करायला तिसरा साक्षीदार नव्हता. बाहेरून दिसणारं वर्तनच अभ्यासा, असं म्हणणाऱ्या वॉटसन यांनी १९१३ मध्ये बोट ठेवलं ते याच जागेवर.