ऑब्लिव्हियन: झोपण्याआधी हिशेब बघा

बेथेस्डा कंपनीचा २००६ चा 'द एल्डर स्क्रोल्स ४: ऑब्लिव्हियन' हा व्हिडिओ गेम आजही जीव लावतो, पण त्याची लेव्हल वाढण्याची पद्धत नवख्याला गोत्यात आणते. तुमच्याबरोबर शत्रूही तगडे होतात. पुढे पुढे तर रस्त्यावरचे साधे लुटारूसुद्धा ग्लास आर्मर, म्हणजे गेममधलं भारीतलं चिलखत, घालून अंगावर येतात, आणि ते खरंच खटकतं.

मेजर स्किल्स (सुरुवातीला मुख्य म्हणून निवडलेली कौशल्यं; उरलेली ती मायनर) मिळून १० वेळा वाढली की नवी लेव्हल तयार होते, मात्र तुमचं पात्र गेममध्ये झोपेपर्यंत ती लागू होत नाही. तेव्हा झोपायची घाई करू नका. दोन लेव्हल्सच्या मधे एखाद्या अ‍ॅट्रिब्यूटची (ताकदीसारख्या मूळ क्षमतेची) स्किल्स १० वेळा वाढली असतील, तर त्याला ५ गुण मिळवता येतात. एकदाही वाढली नसतील तर जेमतेम १. यात मायनर स्किल्सही धरली जातात.

सुरुवातीला एन्ड्युरन्स (सहनशक्ती) हे अ‍ॅट्रिब्यूटच वाढवा. दर लेव्हलला मिळणारी हेल्थ त्या वेळच्या एन्ड्युरन्सच्या दहाव्या भागाइतकी असते, आणि मागची कसर नंतर भरून निघत नाही. एन्ड्युरन्ससाठी ब्लॉक (वार अडवणं), आर्मरर (दुरुस्ती) आणि हेवी आर्मर (जड चिलखत) ही स्किल्स लागतात: एखाद्या मडक्रॅबसमोर, म्हणजे दुबळ्या खेकड्यासमोर, ढाल धरून उभे राहा, तो बडवत राहील आणि ब्लॉक वाढत जाईल. हत्यारं दुकानात न देता रिपेअर हॅमरनं स्वतःच दुरुस्त करा.

मुख्य कथेतली क्वाच शहराची मोहीम लवकर उरका. कमी लेव्हलला तिथे स्कॅम्प या किरकोळ राक्षसांवर भागतं, उशीर केलात तर डेड्रोथ हे तगडे राक्षस गाठतात.

२०२५ च्या रीमास्टर्ड, म्हणजे याच गेमच्या नव्या आवृत्तीमध्ये ही आकडेमोड लागत नाही. तिथे दर लेव्हलला १२ गुण मिळतात, ते अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये तुम्हीच वाटायचे.