एसी डब्यात उकडतंय? या चुका टाळा

डबा गार होईना की लगेच अटेंडंटला सांगितलं जातं, "१८ वर ठेवा." त्याने डबा लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर आधीच पूर्ण जोरात चालू असतो. उलट फिल्टर धुळीने तुंबलेला असेल, तर कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरतो, झोत मंदावतो आणि बर्फ वितळताना छतातून पाणी ठिबकतं. मागायचं असेल तर फिल्टरची सफाई मागा.

तक्रारीआधी डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत एक फेरी मारा. एलएचबी (नव्या बनावटीच्या) डब्याच्या छतावर दोन्ही टोकांना एकेक एसी संच असतो. अर्धाच डबा तापला असेल, तर बहुधा एकच संच बंद पडलाय. रेल्वेच्या १३९ हेल्पलाइनवर किंवा 'रेलमदद' ॲपवर नुसतं "एसी बंद" लिहू नका. गाडी, डबा आणि बर्थ नंबर द्या, कुठली बाजू गरम आहे ते लिहा, आणि झोत येतोय का तेही. झोतच नसेल तर ब्लोअर, म्हणजे हवा ढकलणारा पंखा, पाहावा लागतो. झोत आहे पण गार नाही, तर कॉम्प्रेसर किंवा गॅस. इंजिनकडून वीज घेणाऱ्या गाडीत इंजिन बदलताना एसी थोडा वेळ बंद होतोच, तेवढ्यासाठी फोन नको.

वरच्या बर्थवर गारठा लागला म्हणून एसीच्या जाळीत वर्तमानपत्र कोंबणारे नेहमीचेच. पट्ट्या फिरत असतील तर झोत वळवा, नाहीतर डोकं दुसऱ्या टोकाला करून झोपा. बॅग अडकवून सरकतं दार उघडं ठेवणं तर सगळ्या डब्याला महागात पडतं.

ब्लँकेट थेट अंगावर घेऊ नका. ते महिन्यातून किमान एकदा धुतलं जातं, असं रेल्वेनेच संसदेत सांगितलंय. दोन चादरी त्यासाठीच देतात: एक खाली, दुसरी अंग आणि ब्लँकेट यांच्यामध्ये. झोपताना कॉन्टॅक्ट लेन्स काढा आणि तहान लागली नाही तरी पाणी पीत राहा, गार हवेत तहान उशिरा जाणवते.

एसी सुरूच झाला नाही, तर तेवढ्या अंतरासाठी भाड्यातला फरक परत मिळतो. थ्री एसीला स्लीपरच्या भाड्याशी तुलना होते. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. गाडीत असतानाच टीसीकडून एसी बंद असल्याचं प्रमाणपत्र (जीसी किंवा ईएफटी) लिहून घ्या. ई-तिकीट असेल तर गाडी तुमच्या स्टेशनला पोचल्यापासून २० तासांच्या आत ऑनलाइन टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरा आणि मूळ प्रमाणपत्र आयआरसीटीसीला पोस्टाने पाठवा. पाठवण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा.