व्होक रिहॅब परत चालू करायचंय? आधी जुनी फाईल कशी बंद झाली ते बघा

अमेरिकेत डिसॅबिलिटी रेटिंग (सर्व्हिसमधल्या दुखापतीची सरकारने ठरवलेली टक्केवारी) असलेल्या बऱ्याच माजी सैनिकांना वाटतं की चॅप्टर ३१, म्हणजे त्यांना कामासाठी तयार करणारा सरकारी कार्यक्रम व्होक रिहॅब, एकदा वापरला, फाईल बंद झाली, संपला विषय. तसं नाहीये. (२०२० मध्ये नाव बदलून व्हेटरन रेडीनेस अँड एम्प्लॉयमेंट केलंय, पण लोक अजून व्होक रिहॅबच म्हणतात.)

पहिलं काम म्हणजे जुनं क्लोजर लेटर शोधा. त्यात 'डिसकंटिन्यूड' (मधेच बंद) लिहिलंय का 'रिहॅबिलिटेटेड' (कामासाठी तयार झाले म्हणून बंद), सगळा खेळ त्यावर आहे. आजारपण, घरची अडचण यामुळे मधेच सुटलं असेल तर ते कारण आता मिटलंय हे कागदावर दाखवा. वागणुकीवरून बंद केलं असेल तर पुन्हा तसं होणार नाही हे पटवावं लागतं.

रिहॅबिलिटेटेड असेल तर मात्र जरा अवघड. ३८ सीएफआर २१.२८४ या सरकारी नियमाप्रमाणे दोनातलं एक दाखवायचं, एकतर सर्व्हिसमधली दुखापत इतकी वाढलीय की ज्या कामासाठी तयार केलं तेच आता जमत नाही, नाहीतर ते काम तुमच्या दुखापतीला झेपणारं नाहीच. म्हणून काउन्सेलरसमोर बसल्या बसल्या "मला दुसरी डिग्री करायचीये" असं बोलू नका, तिथेच गाडी अडते. आधी कामाची यादी करा, उभं राहणं किती, उचलणं किती, स्क्रीनसमोर किती तास, आणि डॉक्टरांकडून त्याच भाषेत लिहून घ्या. "पाठदुखी वाढली" याला काही वजन नाही, "अर्ध्या तासावर उभं राहता येत नाही" याला आहे.

मग फॉर्म २८-१९०० नव्याने भरा, ऑनलाईन होतो. रेटिंग २० टक्के लागतं, १० टक्के असेल तर सिरियस एम्प्लॉयमेंट हँडिकॅप (दुखापतीमुळे काम मिळण्यात-टिकण्यात मोठी अडचण) ठरावा लागतो. या कार्यक्रमात मिळणाऱ्या ४८ महिन्यांतले किती उरलेत तेही विचारून घ्या, संपले असले तरी सिरियस हँडिकॅप ठरला तर वाढवून मिळू शकतात. कार्यक्रम वापरायची १२ वर्षांची मुदत १ जानेवारी २०१३ ला किंवा नंतर डिस्चार्ज झालेल्यांना नाहीच, त्याआधीच्यांना आहे, पण तीही त्याच कारणाने वाढते.

काउन्सेलर फोनवर तोंडी नाही म्हणाला तर गप्प बसू नका, लेखी निर्णय मागा, कारण हायर लेव्हल रिव्ह्यू (वरिष्ठाकडून फेरतपासणी) किंवा बोर्ड अपील यासाठीचं एक वर्ष त्या पत्राच्या तारखेपासून मोजतात; सप्लिमेंटल क्लेम (नवा पुरावा देऊन पुन्हा मागणी) नंतरही करता येतो, पण तोही वर्षाच्या आत केलेला बरा. डीएव्ही, अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनांचे लोक कागद फुकट तपासून देतात, जमलं तर अर्ज टाकायच्या आधीच दाखवा.