रायफलचा दस्ता कापण्याआधी जाड जाकीट घाला

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली भारतात हौशी शिकार बंदच आहे. त्यामुळे ही टीप अमेरिका-न्यूझीलंडमध्ये परवाना काढून हरणामागे जाणाऱ्या आपल्या मंडळींसाठी.

चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर तयार रायफलींमध्ये बहुधा साडेतेरा इंचांच्या आसपास असतं. टी-शर्टवर ते बरोबर वाटतं, पण थंडीतलं जाकीट चढवलं की दस्ता काखेत अडकतो. म्हणून माप शिकारीच्याच कपड्यांत घ्या. आधी रायफल रिकामी आहे ना, हे दोनदा बघा. डोळे मिटून ती खांद्याला लावा, मग डोळे उघडा. रायफलवरच्या दुर्बिणीतलं पूर्ण वर्तुळ दिसायला गाल उचलावा लागत असेल, तर गालाची जागा खाली आहे. तिथे फोमची पट्टी कापडी टेपने चिकटवून आठवडाभर सराव करा. फक्त बोल्ट (काडतूस भरायचा सरकता दांडा) मागे ओढताना पट्टीला अडत नाही ना, ते पाहा.

करवत सगळ्यात शेवटी! कापलेलं लाकूड परत येत नाही. आणि दस्ता आखूड केलात तर डोळा दुर्बिणीच्या जवळ येतो, म्हणून ती पुढे सरकवा. हलकी रायफल जोरात मागे येते, भुवई फुटायला वेळ लागत नाही.