आडसाली उसाची लागण: ॲसिटोबॅक्टर लावलात, आता युरियाचा हात आखडा

उसाला ॲसिटोबॅक्टरसारखे जिवाणू खत वापरले, पण गुण आला नाही, ही तक्रार वाळवा-पलूसपासून कराडपर्यंत ऐकू येते. जिवाणू दरवेळी मेलेलेच असतात असे नाही. बरेचदा ते जिवंत असतात, फक्त काम करत नाहीत.

हवेतला नत्र पकडणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) जिवाणूला महागात पडते. नत्राच्या एका रेणूमागे किमान १६ एटीपी (पेशीतले ऊर्जेचे रेणू) खर्च होतात. आयता अमोनियम मिळाला तर एवढी उठाठेव कोण करील? ॲझोटोबॅक्टर या मातीतल्या नत्र पकडणाऱ्या जिवाणूमध्ये निफ-ए हे प्रथिन स्थिरीकरणाची जनुके चालू करते. अमोनियम वाढला की निफ-एल हे दुसरे प्रथिन त्याला जखडते. ॲझोस्पिरिलम या तशाच दुसऱ्या जिवाणूमध्ये तर तयार विकरसुद्धा काही मिनिटांत निष्क्रिय होते आणि अमोनियम संपल्यावर पुन्हा सुरू होते. सरीत टाकलेल्या युरियाचा अमोनियमच होतो.

उसाच्या आत राहणारा ॲसिटोबॅक्टर (ब्राझीलमध्ये १९८८ साली नोंदलेला) जरा चिवट. अमोनियमने त्याचे काम पूर्ण थांबत नाही, पण भरमसाट नत्र दिलेल्या उसात त्याची संख्याच घटते.

१५ जुलै ते १५ ऑगस्टच्या लागणीसाठी टिपरी (उसाच्या बेण्याचे तुकडे) आधी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (१०० लिटरला १०० ग्रॅम) १० मिनिटे बुडवा, सावलीत निथळू द्या. मग एकरी ४ किलो ॲसिटोबॅक्टर व अर्धा किलो स्फुरद विरघळवणारे जिवाणू ४० लिटर पाण्यात कालवून, त्यात थोडी थोडी टिपरी ३० मिनिटे ठेवा. दोन्ही द्रावणे एका पिंपात करू नका, युरियाही त्यात नको. टिपरी उन्हात न ठेवता त्याच दिवशी लावा.

या प्रक्रियेसोबत निम्मा नत्र, म्हणजे एकरी ८० किलो, पुरतो अशी शिफारस आहे. युरियात हिशेब असा: लागणीला साधारण १७ किलो, ६ ते ८ आठवड्यांनी ७०, १२ ते १६ आठवड्यांनी १७, मोठ्या बांधणीला (उसाला माती लावताना) ७०. डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) देत असाल तर त्यातला १८ टक्के नत्र या ८० किलो नत्रातून वजा करा. हे हमखास विसरले जाते. ठिबक असेल तर हेच हप्ते आणखी बारीक करणे चांगले.

नायट्रोजिनेजला लोह आणि मॉलिब्डेनम लागते. चुनखडीच्या रानात लोहाची अडचण होते, तिथे हेक्टरी २५ किलो फेरस सल्फेट शेणखतात मुरवून द्या. पाणी साचणाऱ्या रानात आधी चर काढा, जिवाणूंचा खर्च नंतर.

चार सऱ्यांना पूर्ण नत्र देऊन ठेवा, म्हणजे फरक आपल्याच रानात मोजता येईल.