कॉलेज बास्केटबॉल: हंगामाआधी ‘प्लेअर ऑफ द इयर’ ठरवताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेचा हंगामपूर्व ऑल-अमेरिका संघ, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम पाच खेळाडूंची यादी, जाहीर झाला की अमेरिकेतल्या पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये वादाला तोंड फुटतं. २०२२ साली त्या पाचांत ड्रू टिमी, ऑस्कर शिबवे, अर्मांडो बेकॉट, मार्कस सॅसर आणि ट्रेस जॅक्सन-डेव्हिस होते. हंगाम संपला तेव्हा एपी, नेस्मिथ आणि वुडन हे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचे तिन्ही पुरस्कार पर्ड्यू विद्यापीठाच्या झॅक ईडीकडे गेले. तो त्या पाचांत नव्हता. तरीही त्याचं नाव ऑक्टोबरमध्ये सापडण्यासारखं होतं, आणि ते का निसटलं हे समजलं की निम्म्या चुका आपोआप टळतात.

मागच्या वर्षीची सरासरी तशीच पुढे ओढणं

सगळ्यात जास्त अंदाज इथे फसतात. २०२१-२२ मध्ये ईडीची सरासरी होती १४.४ गुण. आकडा चांगला, पण डोळ्यांत भरणारा नाही. हे गुण त्याने सामन्यामागे फक्त १९ मिनिटांत केले होते, कारण सेंटरची, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या उंच खेळाडूची, जागा तो ट्रेव्हियन विल्यम्सबरोबर वाटून घेत होता. त्या उन्हाळ्यात विल्यम्सचं कॉलेज संपलं आणि जेडन आयव्ही एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये गेला. म्हणजे मिनिटंही मोकळी झाली आणि चेंडूही.

आता हिशोब मांडा. १४.४ भागिले १९, गुणिले ४०, म्हणजे ४० मिनिटांमागे सुमारे ३० गुण. पुढच्या हंगामात तो ३२ मिनिटं खेळेल असं धरलं, तर २४ गुण येतात. मिनिटं वाढली की थकवा येतो आणि प्रतिस्पर्धी दोघा-दोघांनी घेरतात, म्हणून त्यातून दहा टक्के वजा करा. राहतात साधारण २१ ते २२. प्रत्यक्षात ईडीने २२.३ गुण केले.

उलटं उदाहरण ड्यूकच्या ग्रेसन ॲलनचं. २०१५-१६ मध्ये त्याचे २१.६ गुण होते, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या चर्चेत तो सर्वांत पुढे होता. पण जेसन टेटम नव्याने आला, ल्यूक केनार्ड १९.५ गुणांपर्यंत चढला, आणि दुखापतींनी गाठलेला ॲलन १४.५ वर उतरला. खेळाडू तोच, पण त्याच्या वाट्याला येणारे चेंडू कमी झाले होते.

म्हणून एकट्या खेळाडूचा नव्हे, पूर्ण संघाचा तक्ता करा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा, मैदानावर पाच जण, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटं. कोण गेलं, कोण आलं ते लिहून प्रत्येकाला मिनिटं द्या. बेरीज २२० झाली, तर कुणाच्या तरी बाबतीत तुम्ही हात सैल सोडला आहे. गुणांचंही तसंच. संघ ८० गुण करणार असेल आणि तुमचे तिघेच ६५ करत असतील, तर उरलेल्यांना तुम्ही बाकावर बसवून ठेवलं आहे.

उंच खेळाडूंसाठी एक जादा तपासणी करा: ४० मिनिटांमागे फाउल किती? पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो. ज्याचा दर सहा आहे त्याला ३२ मिनिटं देणं म्हणजे नुसती आशा.

फक्त गुण मोजणं

२०१८-१९ मध्ये ड्यूकच्या आर. जे. बॅरेट आणि झायन विल्यमसन या दोघांची सरासरी सारखीच होती, २२.६ गुण. हंगामाआधीच्या पाचांत बॅरेट होता, झायन नव्हता. पुरस्कार झायनला मिळाले. बॅरेटचे ४५ टक्के फटके बास्केटमध्ये गेले, झायनचे ६८ टक्के. सारख्या गुणांसाठी बॅरेटला कितीतरी जास्त फटके लागले.

हे मोजायला महागडी साधनं लागत नाहीत. खेळाडूने मारलेले फटके, त्याच्या फ्री थ्रोंच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांच्या) साधारण निम्मे आणि त्याने गमावलेले चेंडू यांची बेरीज म्हणजे त्याने वापरलेली पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असतानाच्या संधी. तो मैदानावर असताना संघाने वापरलेल्या पझेशनमधला हा वाटा किती, ते काढा. पाच जणांत सरासरी वाटा २० टक्के. या पुरस्काराचा दावेदार बहुधा २५ च्या पुढे असतो. एवढा वाटा उचलूनही ज्याची अचूकता टिकते, त्याचं नाव वर घ्या.

प्रश्नच वेगळा समजून वाद घालणं

‘सर्वांत गुणी कोण’, ‘एनबीए ड्राफ्टमध्ये (एनबीए संघांच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) पहिला कोण’ आणि ‘पुरस्कार कोणाला’ हे तीन वेगळे प्रश्न आहेत. २०१३ च्या हंगामपूर्व संघात अँड्र्यू विगिन्स आणि डग मॅकडर्मॉट दोघेही होते. पुढे ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक विगिन्सचा लागला, पण पुरस्कार २६.७ गुणांची सरासरी राखणाऱ्या मॅकडर्मॉटने नेले.

कोणता पुरस्कार, हेही आधी ठरवा. २०२५ मध्ये एपी, नेस्मिथ आणि वुडन कूपर फ्लॅगला मिळाले, पण स्पोर्टिंग न्यूजने ऑबर्नच्या जोनाय ब्रूमला निवडलं. वुडनसाठी अभ्यासातली किमान सरासरीही लागते. लुइझियाना स्टेटचा बेन सिमन्स २०१६ मध्ये १९.२ गुण आणि ११.८ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर पकडलेले चेंडू) घेऊनही त्या अटीपायी यादीबाहेर राहिला.

संघ विसरणं

सिमन्सचा संघ त्या वर्षी हंगामाअखेरच्या एनसीएए बाद स्पर्धेतही पोहोचला नव्हता. २०११ ते २०२५ मधले नेस्मिथ विजेते पाहा: २०२० साली स्पर्धाच झाली नाही, ते वर्ष सोडलं तर प्रत्येकाच्या संघाला पहिल्या चारांतलं मानांकन (स्पर्धेआधी संघांना दिला जाणारा १ ते १६ मधला क्रमांक) होतं. सर्वांत खालचं चौथं, २०१३ च्या ट्रे बर्कच्या मिशिगनचं. तेव्हा तुमच्या उमेदवाराच्या संघाला सातवं मानांकन मिळेल असं तुम्हालाच वाटत असेल, तर आकडे कितीही देखणे असोत, त्याला खाली सरकवा.

मात्र स्पर्धेतल्या निकालाची भीती बाळगू नका. एपीची मतं स्पर्धा सुरू होण्याआधीच पडलेली असतात. २०२३ मध्ये पर्ड्यू पहिलं मानांकन असून सोळाव्या मानांकनाच्या फेअरली डिकिन्सनकडून ६३-५८ ने हरली, तरी ईडीचे पुरस्कार त्याच्याकडेच राहिले.

पहिल्या वर्षाच्या मुलांबद्दल टोक गाठणं

२०११ ते २०२५ च्या पंधरा नेस्मिथ पुरस्कारांपैकी सात शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंना मिळाले, तीन तिसऱ्या, दोन दुसऱ्या आणि तीन पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना: अँथनी डेव्हिस, झायन, फ्लॅग. हॅरिसन बार्न्स २०१० मध्ये हंगामपूर्व एपी संघात आलेला पहिला फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा खेळाडू), पण हंगामाअखेर तो ऑल-अमेरिका संघातही नव्हता. आमचं मत असं: फ्रेशमनला पहिली पसंती द्यायची तर तो बचावातही संघाचा आधार असला पाहिजे, कारण नवख्याचा फटका महिनाभर रुसला तरी तेवढ्याने त्याची मिनिटं जात नाहीत. वरच्या तिघांतही हेच साम्य आहे.

कॉलेज बदललेल्यांना जुन्याच मापाने मोजणं

शिबवे वेस्ट व्हर्जिनियात शेवटच्या दहा सामन्यांत ८.५ गुणांवर अडकला होता; पुढे केंटकीत १७.४ गुण आणि १५.१ रिबाउंड घेऊन तो २०२२ चा विजेता ठरला. नव्या संघात त्याची जागा कोणाशी वाटली जाणार आहे, ते आधी बघा. गुणांपेक्षा रिबाउंडचा दर नव्या कॉलेजात जास्त टिकतो.

दुखापतीचं थोडक्यात: पाठीचं दुखणं असेल तर सावध राहा. मिच मॅकगॅरी २०१३-१४ मध्ये आठ सामने खेळला, मायकेल पोर्टर ज्युनियर २०१७-१८ मध्ये तीन. उलट झायन फेब्रुवारीत बूट फाटून जखमी झाला, पाच सामने पूर्ण मुकला, तरी जिंकला. काही सामने गेले तर चालतं, हंगाम गेला तर नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हंगाम सुरू होण्याआधी तुमच्या नावापुढे चार आकडे लिहून ठेवा: मिनिटं, पझेशनचा वाटा, गुण, संघाचं मानांकन. दहा सामने झाल्यावर डिसेंबरमध्ये यादी काढा आणि आधी मिनिटांचा आकडा तपासा. मिनिटं बरोबर असून गुण कमी असतील तर फटके पडायला वेळ द्या. मिनिटंच पाचने कमी असतील तर नाव बदला.