एआयची नैतिकता आराखड्यात बसवताना : बेळगावातल्या एका पतसंस्थेतला अनुभव

एमसीए करून नुकत्याच नोकरीला लागलेल्या आमच्या सीमाभागातल्या मुलामुलींचे हल्ली मला एकसारखेच फोन येतात. ताई, एआय एथिक्समध्ये काम करायचंय, कोणता कोर्स करू? बेंगळुरूला जावं लागेल का? माझं उत्तर थोडं लांबतं, कारण मी हे काम बेळगावातच शिकले, एका पतसंस्थेत कर्ज विभागाच्या शेजारी बसून. मी खानापूर तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी शाळेत. कागदपत्रांची कन्नड शिकले ती नोकरीला लागल्यावर, पहाणीचे, म्हणजे सातबाऱ्यासारखे जमिनीचे उतारे वाचता वाचता. पुढे या कामात पदवीपेक्षा ती कन्नडच जास्त उपयोगी पडली.

आमचे सभासद म्हणजे शहापूर-वडगावचे विणकर, उद्यमबागेतल्या फाउंड्रीतले कामगार, भाजीवाल्या, खानापूर आणि चंदगडकडचे शेतकरी. काही वर्षांपूर्वी संचालक मंडळाने पाच वर्षांचा आराखडा करायला घेतला. ठेवी किती वाढवायच्या, थकबाकी किती खाली आणायची, नव्या शाखा कुठे काढायच्या, आणि एक नवं उद्दिष्ट : कर्ज प्रकरण आठ दिवसांऐवजी एका दिवसात निकाली काढायचं. त्यासाठी कर्जदार कर्ज फेडेल का याचे गुण देणारं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं. एआय घेतोय तर त्याचं नैतिक धोरणही हवं, असं एका संचालकांनी सुचवलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

तेव्हा मी जे केलं ते बहुतेक नवे लोक करतात, म्हणून सांगते. नीती आयोगाने २०२१ मध्ये जबाबदार एआयबद्दल दस्तऐवज काढला होता, त्यात सात तत्त्वं आहेत : सुरक्षितता, समानता, समावेशकता, खासगीपणा, पारदर्शकता, उत्तरदायित्व, मानवी मूल्यं. त्याच वर्षी युनेस्कोचीही शिफारस आली होती. दोन्ही वाचून मी अकरा पानांचं धोरण लिहिलं. सभेत ते पाच मिनिटांत मंजूर झालं आणि फाईलला लागलं. त्या अकरा पानांत एकही वाक्य असं नव्हतं, की जे उद्या सकाळी एखाद्या क्लार्कला काही वेगळं करायला लावेल.

सॉफ्टवेअर सुरू झालं. चार-पाच महिन्यांनी कर्ज विभागातले एक जुने क्लार्क फायलींचा गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी आले. म्हणाले, "मॅडम, हे बघा की. सगळी आपली जुनीच माणसं अडकाल्यात."

वरची फाईल एका भाजीवालीची होती. पंचवीस हजारांचं कर्ज मागितलेलं, गुण कमी, शेरा 'ओळख जुळत नाही'. मी कागद टेबलावर पसरले. शाळेचा दाखला मराठीत, रेशनकार्ड कन्नडमध्ये, आधार इंग्रजीतून. आमच्याकडे यल्लव्वा आणि यल्लूबाई ही एकाच बाईची नावं असतात, हे इथल्या कुणालाही माहीत आहे. कल्लाप्पाचा एका कागदावर कलाप्पा होतो, दुसऱ्यावर कल्लप्पा. एका कागदावर आडनाव आधी येतं, दुसऱ्यावर शेवटी. पत्त्यात जुन्या कागदावर बेलगाम, मराठीत बेळगाव, आणि १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बेळगावी. सॉफ्टवेअर या सगळ्यांची अक्षरं जुळवून बघत होतं आणि जेवढी अक्षरं वेगळी तेवढा फसवणुकीचा संशय जास्त, असा हिशेब मांडत होतं. कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं. ज्या भागातल्या कागदांवर ते घडवलं, तिथल्या माणसांचे कागद एकाच भाषेत असतात, एवढंच.

त्याच फाईलमध्ये तिचं पिग्मीचं, म्हणजे एजंट रोज येऊन गोळा करतो त्या छोट्या बचतीचं पासबुक होतं. कोपरे झिजून गोल झालेले, पानांवर कोथिंबिरीचा हिरवट डाग, आणि ओळीमागून ओळ पन्नास, पन्नास, तीस, पन्नास, प्रत्येकापुढे एजंटची सही. अकरा वर्षं. पिग्मी ही योजनाच कर्नाटकातली, १९२८ मध्ये सिंडिकेट बँकेने सुरू केलेली, रोज हातावर पोट असणाऱ्या माणसाची पत दाखवायला तिच्यासारखा पुरावा नाही. पण आमची पिग्मीची नोंद वेगळ्या प्रणालीत होती, म्हणून गुण देताना ती धरलीच जात नव्हती. मोबाईलचं बिल धरलं जात होतं.

त्या शनिवारी क्लार्ककाका आणि मी संध्याकाळपर्यंत बसून अडकलेल्या सगळ्या फायली उघडल्या. ज्यांना या क्षेत्रात यायचंय त्यांना माझं पहिलं सांगणं हेच : तत्त्वं वाचण्याआधी नाकारलेल्या फायली वाचा. मंजूर झालेल्यांतून काही कळत नाही. आणि ती वाचताना त्या कामात केस पिकलेल्या माणसाला शेजारी बसवा. 'हा तो कल्लाप्पा नव्हे, हा त्याच्या चुलत्याचा मुलगा' हे त्यालाच कळतं.

पुढच्या सभेला मी स्लाईड नेल्या नाहीत, सहा फायली नेल्या. नावं झाकून एकेक कागद फिरवला. व्यवस्थापकांची हरकत रास्त होती. प्रत्येक प्रकरण माणसानेच बघायचं तर एका दिवसाचं उद्दिष्ट कसं गाठणार? मी म्हटलं, प्रत्येक नको, थांबलेलं प्रत्येक. शिवाय ही बाई इथून परत गेली तर ती खासगी फायनान्सवाल्याकडे जाईल. म्हणजे आपल्या कर्जवाटपाच्या उद्दिष्टातून एक चांगली कर्जदार गेली. हा मुद्दा त्यांना पटला. तुमचा मुद्दा संस्थेच्या आधीच ठरलेल्या उद्दिष्टाला कुठे लागून आहे ते शोधा, मग वेगळं प्रवचन द्यावं लागत नाही.

मंडळाला खरं विचारात पाडलं ते मात्र नेदरलँड्सच्या उदाहरणाने. तिथल्या कर खात्याने बालसंगोपन भत्त्यातली फसवणूक शोधताना परकं किंवा दुहेरी नागरिकत्व हे धोक्याचं लक्षण धरलं, हजारो कुटुंबांवर फसवणुकीचा ठपका आला, ती कर्जात बुडाली, आणि जानेवारी २०२१ मध्ये त्यापायी सरकारने राजीनामा दिला. दोन राज्यांचे कागद खिशात घेऊन जगणाऱ्या माणसांसमोर हे सांगितलं की वेगळं समजवावं लागत नाही. एक ज्येष्ठ संचालक बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "म्हणजे कागद दोन तऱ्हेचे असले की माणूसच खोटा, असंच झालं की."

आमच्या आराखड्याच्या तक्त्यात पाच रकाने होते : उद्दिष्ट, मोजमाप, मुदत, जबाबदार व्यक्ती, तरतूद. 'निष्पक्षपणा जपणे' हे त्यात भरून बघा, पहिल्या रकान्यापुढे जात नाही. म्हणून आम्ही असं लिहिलं : गुणामुळे थांबलेलं प्रत्येक प्रकरण तीन दिवसांत कर्ज अधिकाऱ्याने स्वतः कागद बघून निकाली काढायचं. दर तिमाहीला थांबलेली प्रकरणं कागदांच्या भाषेप्रमाणे आणि स्त्री-पुरुष अशी मोजायची. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर सॉफ्टवेअर थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापकांना, मंडळाची परवानगी न घेता. पिग्मीची नोंद गुणाला जोडायचा खर्च वेगळा दाखवला. हे सगळं 'इतर विषय' म्हणून शेवटी टाकलं नाही. एका दिवसाच्या उद्दिष्टाच्या थेट खालच्या ओळीत घेतलं, म्हणजे वेगाचा आढावा घेताना ही ओळ टाळताच येत नाही.

सगळीकडे एवढा फौजफाटा लागत नाही, हेही लक्षात ठेवा. सोनेतारणात कर्ज सोन्याच्या वजनावर आणि शुद्धतेवर ठरतं, तिथे गुणाचं काम नाममात्र. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात धोक्याप्रमाणे पायऱ्या आहेत आणि माणसाची कर्जपात्रता ठरवणं हे त्यात जास्त धोक्याच्या कामांत मोडतं. तो कायदा आपल्याला लागू नाही, पण पायऱ्यांची कल्पना आम्ही उचलली. एक गोष्ट मात्र पायरीवर न ठेवता थेट बंद केली : वसुलीसाठी सभासदाच्या फोनमधले नंबर वाचणारं कोणतंही ॲप घ्यायचं नाही. तसं एक आम्हाला सुचवलं गेलं होतं. पाहुण्यारावळ्यांत फोन करून माणसाची अब्रू घालवणं ही वसुली नव्हे, असं मी त्या दिवशी सभेत जरा चढ्या आवाजात बोलले. त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही.

आता कायद्याचं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत आहे. त्यातल्या तीन गोष्टी आमच्यासारख्या संस्थेने पाठच कराव्यात. संमती मागतानाची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचायचा पर्याय माणसाला द्यावा लागतो, आणि मराठी व कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. माणसावर परिणाम करणारा निर्णय ज्या माहितीवर घेणार ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असेल हे बघणं संस्थेचं काम आहे. आमची यल्लव्वा-यल्लूबाईची सगळी कहाणी या एका कलमात बसते. आणि माहिती बाहेरच्या कंपनीकडून हाताळून घेतली तरी जबाबदारी आपलीच राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटींपर्यंत आहे. पण मंडळापुढे दंडाने सुरुवात करू नका. दंडाला घाबरून केलेलं काम कागदावरच राहतं, हा माझा अनुभव.

कंपनीशी करार नव्याने करताना मी तीन अटींवर अडून बसले. कमी गुणाचं कारण आम्हाला साध्या शब्दांत मिळालं पाहिजे, गुण देण्याची पद्धत, म्हणजे मॉडेल, बदलायचं तर आधी कळवलं पाहिजे, आणि आमच्या जुन्या फायलींवर चाचणी घ्यायची मुभा हवी. पहिली अट मिळायला सर्वांत वेळ लागला. कारण मिळालं तरी ते इंग्रजीत होतं, म्हणून काउंटरवर सांगायची मराठी आणि कन्नड वाक्यं आम्हीच लिहिली. 'तुमचा अर्ज पात्रतेत बसत नाही' हे काढून 'तुमच्या दोन कागदांवर नाव वेगळं आहे, दोन्ही घेऊन या, आम्ही बघतो' असं केलं. एवढ्यावर लोक परत येऊ लागले.

अभ्यासाचं विचारता, तर पैसे भरून प्रमाणपत्र घेण्याआधी एनआयएसटी या अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेची जानेवारी २०२३ ची एआय जोखीम चौकट वाचा, फुकट मिळते. रिझर्व्ह बँकेच्या समितीचा ऑगस्ट २०२५ चा एआयवरचा अहवालही वाचा. तो बँका आणि वित्तसंस्थांसाठी आहे, पण संचालक मंडळाने काय विचारायला हवं ते त्यातून कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये आलेलं आयएसओ ४२००१ हे एआय व्यवस्थापनाचं मानक मोठ्या कंपनीत जाणाऱ्यांनी पुढे बघावं. एक्सेलमध्ये गटवार टक्केवारी काढता आली पाहिजे, ताळेबंद वाचता आला पाहिजे, आणि सभेचं इतिवृत्त नीट लिहिता आलं पाहिजे, कारण इतिवृत्तात नसलेली गोष्ट पुढच्या वर्षी कुणालाच आठवत नाही. आणि कन्नड शिका. भाषेवरून आपल्याकडे मनं दुखावलेली आहेत, माझंही त्यातून सुटलेलं नाही. पण ज्या कागदावर माझ्या माणसाचं नाव चुकलंय तो मला वाचता आलाच पाहिजे.

गेल्या सप्टेंबरातल्या वार्षिक सभेत अहवाल वाटले गेले. वडगावचे एक म्हातारे विणकर उठले आणि त्यांनी विचारलं, "ह्या वर्षी तुमच्या मशीननं किती जणांस्नी थांबवलं, नि त्यातली किती चुकून?" मी मागच्या रांगेत होते, उठायला लागले. चेअरमनसाहेबांनी हातानेच मला बसायला सांगितलं, अहवालाचं पान काढलं आणि दोन्ही आकडे स्वतः वाचून दाखवले. म्हातारबाबांचं तेवढ्याने भागलं नाही. त्यांचा पुढचा प्रश्न जामीनदाराचा होता : कर्जदाराचे कागद माणूस बघतो, मग जामीनदाराचा गुण कमी आला तर ते कोण बघतं? त्याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं. इतिवृत्तात मी तो प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घेतला आणि पुढच्या वर्षीच्या तक्त्यात त्याची ओळ काढली. जबाबदार व्यक्तीचा रकाना अजून रिकामा आहे.